सुटीतले प्रयोग : हळद, ज्योत आणि तराजू

दिवाळीच्या सुटीचे पहिले चार दिवस मुलांना पुरत नाहीत आणि पुढचे चार सरता सरत नाहीत. निर्वाणलाडू झाला, वहीपूजन झाले, ओवाळणी खिशात पडली. मग वडीलधारी मंडळी दुकानात आणि मुले मोबाइलपुढे, असे दृश्य घरोघरी दिसते. या रिकाम्या दिवसांवर शिकवणी हा उपाय नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. पाठांतर वर्षभर असतेच. सुटीत मुलाने एखादी गोष्ट स्वतः करून, स्वतःच्या डोळ्यांनी पडताळून पाहावी.

सणाच्या सुटीत मुलांना विज्ञान दाखवण्याची कल्पना नवी नाही. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ साली नाताळातील व्याख्यानांची प्रथा सुरू झाली. मायकेल फॅरेडे हा लोहाराचा मुलगा. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करून पुढे आलेला. त्याने अशा एकोणीस व्याख्यानमाला गुंफल्या आणि त्यांपैकी १८६०-६१ ची गाजलेली सहा व्याख्याने केवळ एका मेणबत्तीविषयी होती. साधन किती साधे असले तरी चालते, याचा यापेक्षा वेगळा पुरावा नको.

आपल्या घरात तर साधनांचा तोटाच नाही. मात्र पुस्तकांत सुचवलेले सारेच प्रयोग आपल्याकडे चालत नाहीत. बटाट्यापासून वीज हा नेहमीचा प्रयोग; पण ज्या घरात कंदमूळ येत नाही तिथे लिंबू तेच काम करते. तांब्याची तार आणि जस्ताचा मुलामा दिलेला खिळा खोचलेली तीन-चार लिंबे एकापुढे एक जोडली की लहानसा तांबडा एलईडी दिवा मिणमिणतो. मुंग्या, फुलपाखरे बाटलीत कोंडण्याचे खेळ तर मुळीच नकोत.

प्रारंभ हळदीपासून करावा. हळदीचा डाग पडलेल्या कपड्याला साबण लावला की डाग लाल होतो, हे प्रत्येक गृहिणीने पाहिलेले असते; का होतो, हे विचारणारे मूल मात्र विरळा. हळद पाण्यात दाट कालवून पांढऱ्या कागदावर पसरावी आणि कागद वाळवावा. मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात कापसाची काडी बुडवून त्यावर लिहावे. पिवळ्या कागदावर तांबडी अक्षरे उमटतात. नववर्षाची शुभेच्छापत्रे अशी घरी करता येतात. त्याच अक्षरांवर लिंबाचा रस फिरवला की ती पुन्हा पिवळी पडतात. हळदीतील कर्क्युमिन हे रंगद्रव्य आम्लात पिवळे राहते आणि अल्कलीत तांबडे होते, एवढेच त्यामागचे रहस्य. परंतु हे वाक्य मुलाला आधी सांगू नये. मीठ, साखर, ताक, खाण्याचा सोडा, राखेचे पाणी, शाम्पू असे दहा पदार्थ त्याच्यापुढे ठेवावेत आणि प्रत्येकाविषयी त्याचा अंदाज आधी वहीत लिहून घ्यावा.

जुन्या पद्धतीचे कुंकू हळद आणि चुना यांपासूनच होत असे. त्यामुळे देव्हाऱ्यातील चिमूटभर कुंकवावर लिंबाचे दोन थेंब टाकून पाहण्यासारखे आहे. पिवळसर झाले तर ते हळदीचे. लालच राहिले तर रंग दुसरा काहीतरी आहे. मालाची पारख ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, त्या मुलांना ही परीक्षा विशेष आवडते. चुना मात्र थोरांनीच हाताळावा; तो डोळ्यांना अपाय करतो.

आता ज्योतीकडे वळू. पावसाळा नुकताच सरलेला असतो आणि संध्याकाळी दिव्याभोवती कीटक जमतात. म्हणून हे प्रयोग दिवसाढवळ्या करावेत. त्यात प्रयोगाचे काही बिघडत नाही. मेणबत्ती विझवल्यावर वातीतून पांढरा धूर वर जातो. त्या धुराच्या रेषेला वरून जळती काडी लावली तर ज्योत रेषेवरून खाली उतरून वात पुन्हा पेटवते. जळते ते घट्ट मेण नव्हे, त्याची वाफ, हे मुलाला न सांगता कळते. पणतीचेही तसेच : वातीतून तेल वर चढते, तापून त्याची वाफ होते आणि ती जळते. वडीलधारे माणूस शेजारी असल्यावाचून यातले काही करू नये.

दुसरा प्रयोग प्रसिद्ध आहे आणि त्याचे प्रसिद्ध उत्तर चुकीचे आहे. ताटलीत थोडे पाणी घेऊन मधोमध मेणबत्ती उभी करून पेटवावी आणि तिच्यावर काचेचा पेला पालथा घालावा. ज्योत विझते आणि पाणी पेल्यात वर चढते. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो, तो जळून संपला, त्याची जागा पाण्याने घेतली, असे स्पष्टीकरण सर्रास ऐकू येते. मुलांना नीट पाहायला सांगावे. पेला ठेवताना काठाखालून बुडबुडे बाहेर पडतात, आणि पाणी मुख्यतः ज्योत विझल्यानंतर झपाट्याने चढते. आता एकाऐवजी तीन मेणबत्त्या ठेवून पाहावे. पाणी अधिक उंच चढते. पेला तोच, ऑक्सिजन तेवढाच, मग पाणी अधिक का? ज्योतीने हवा तापून प्रसरण पावते, काही बाहेर निसटते. उरलेली थंड होताच आकसते आणि बाहेरचा दाब पाणी आत ढकलतो. छापील उत्तर आणि डोळ्यांसमोरची नोंद जुळत नसतील तर ताळेबंद पुन्हा तपासायचा, ही आमच्या बँकेतील शिस्त. दहा वर्षांच्या मुलालाही ती समजते.

तिसरा प्रयोग आपल्या पेढीच्या जिव्हाळ्याचा. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी वह्यांबरोबर तराजूलाही गंध लावणारी दुकाने अजून आहेत. तराजू खरा की खोटा, हे मुलाला ओळखता यावे. ३० सेंटिमीटरची लाकडी पट्टी घ्यावी. दोन्ही टोकांना कागदी पेले टांगावेत आणि पट्टी १५ च्या खुणेवर नव्हे, मुद्दाम १२ च्या खुणेवर दोऱ्याने लटकवावी. लांब बाजू खाली जाईल. आखूड बाजूच्या पेल्यात ओली माती घालून ती सरळ करावी. आता रिकामा तराजू अगदी प्रामाणिक दिसतो! पण बारा नाण्यांची पुडी लांब बाजूला ठेवली तर समोर १८ नाणी लागतात, आणि तीच पुडी आखूड बाजूला ठेवली तर आठच पुरतात. नाणी एकाच छापाची घ्यावीत. त्यांचे वजन ठरलेले असते. पारडी बदलून तोलले की खोटेपणा उघडा पडतो, हे आपले आजोबा जाणत होते.

पुडीचे खरे वजन किती? बहुतेक मुले १८ आणि ८ यांची सरासरी काढून १३ म्हणतात. खरे उत्तर १८ गुणिले ८, म्हणजे १४४ चे वर्गमूळ, १२. यातून एक मौजेचा हिशेब निघतो. असा तराजू असलेल्या दुकानदाराने ‘एक किलो या पारड्यात, एक किलो त्या पारड्यात, फिटंफाट’ असे म्हणून दोन किलो साखर तोलून दिली, तर गिऱ्हाइकाला एकदा सुमारे ६६७ ग्रॅम आणि एकदा १,५०० ग्रॅम साखर मिळेल. एकूण २,१६७ ग्रॅम. तोटा दुकानदाराचा! थोरल्या मुलांना याचे बीजगणित मांडायला सांगावे; शाळेतील समीकरणे त्यांना एकाएकी कामाची वाटू लागतील.

वाकड्या तराजूवरही अचूक तोलण्याची युक्ती आहे. वस्तू एका पारड्यात ठेवून समोर वाळूने समतोल साधावा, मग वस्तू काढून तिच्याच जागी नाणी घालत जावे. समतोल पुन्हा झाला की तीच खरी संख्या. दांडी कितीही वाकडी असो.

या सगळ्याची नोंद ठेवण्यासाठी जुनी रोजमेळाची वही उत्तम. तारीख, काय केले, काय वाटले होते, काय दिसले. अनुमान त्याच दिवशी लिहू नये. आधी रोजमेळ, मग खतावणी, हा क्रम हिशेबात जसा, तसाच इथे. रोजमेळात खाडाखोड चालत नाही, हेही मुलांना बजावावे : चुकलेला अंदाज पुसायचा नाही, त्याखाली पुढची ओळ लिहायची.

ज्यांच्या घराला गच्ची आहे त्यांनी आणखी एक नोंद करावी. एक मीटर उंचीची काठी उभी रोवून माध्यान्हीची सावली रोज मोजावी. सूर्य दक्षिणेकडे सरकत असल्याने ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत ही सावली वाढत जाते. दर दोन दिवसांनी सेंटिमीटरभर तरी फरक पडतो. मात्र घड्याळातील बारा ही माध्यान्हीची वेळ नव्हे. आपले घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचे. पुणे त्याच्या बरेच पश्चिमेला. नोव्हेंबरच्या आरंभी पुण्यात सावली सर्वांत आखूड होते ती १२ वाजून १८ मिनिटांच्या सुमारास आणि मुंबईत आणखी चार मिनिटांनी. तेव्हा मुलांना बाराच्या ठोक्याला गच्चीवर न्यावे, दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करायला लावावी आणि खरी माध्यान्ह त्यांची त्यांनाच शोधू द्यावी. टोप्या आणि पाण्याची बाटली बरोबर असू द्यावी.