एकादशीच्या ताटातील परदेशी पाहुणे

गेल्या आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी आम्ही आठवीच्या वर्गास एक प्रश्न घातला. उद्या घरोघर फराळास जे पदार्थ होतील, त्यांपैकी ज्ञानेश्वर महाराजांच्या काळी कोणते उपलब्ध होते? मुलांनी सांगितले तसे आम्ही फळ्यावर लिहीत गेलो: साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, रताळे, राजगिरा, हिरवी मिरची, आणि सर्वांत शेवटी वरीचे तांदूळ. सर्वच उपलब्ध होते, असे एकमत पडले. उपवासाचे अन्न ते जुनेच असणार!

वस्तुस्थिती निराळी आहे. ज्ञानेश्वरी सिद्ध झाली ती शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली. कोलंबस अमेरिकेच्या बेटांवर उतरला १४९२ साली, वास्को द गामा कालिकतास आला १४९८ साली, आणि गोवे पोर्तुगीजांनी घेतले १५१० साली. आमच्या यादीतील पहिल्या सहाही वस्तू मूळच्या अमेरिका खंडातील असून त्या या घडामोडींनंतरच इकडे आल्या.

बटाटा पेरू देशाकडील उंच पर्वतांतला. त्याचे आपल्याकडील नावही पोर्तुगीजांनीच दिलेले. राजगिऱ्याचे दाणे मेक्सिकोतील प्राचीन लोक मोठ्या आदराने खात. भुईमुगाची तऱ्हा तर विलक्षण! त्याचे फूल जमिनीच्या वर येते. पुढे त्याखालील देठ वाढून खाली वाकतो, मातीत शिरतो, आणि मग अंधारात शेंग धरते. साबुदाणा पूर्वी मलाया बेटांकडील ताडासारख्या झाडाच्या गाभ्यापासून करीत. आज आपण खातो तो तामिळनाडूतील सेलमकडे एका कंदापासून होतो, आणि तो कंद ब्राझीलकडचा. मिरची नव्हती तेव्हा आपले पूर्वज तिखटाची हौस मिरी, पिंपळी व आले यांवर भागवीत. नव्या फळास नाव देताना त्यांनी जुन्या मिरीचेच नाव थोडे वाकवून वापरले, हे चतुरपणाचे नव्हे काय?

राहता राहिली वरी. ती मात्र खरोखर या देशाची कन्या. शहापूर-मुरबाडच्या डोंगरउतारावर, ज्यास आपण वरकस जमीन म्हणतो, तेथे ठाकूर व कातकरी बांधव ती पिकवीत आले आहेत. बाजारात भगर म्हणून पिशवीतून मिळणारे धान्य ते हेच, हे पुष्कळ पालकांसही ठाऊक नसते.

वरीची सोबतीण नाचणी. ती आफ्रिकेच्या उंच प्रदेशातून हजारो वर्षांपूर्वी आली व येथलीच होऊन गेली. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम चुन्याचे द्रव्य असते, व तेवढ्याच पांढऱ्या तांदळात दहाच्या आसपास. हाडे व दात यांस हेच द्रव्य लागते. यहेज्केल संदेष्ट्यास जी मिश्र धान्याची भाकर करण्याची आज्ञा झाली, तीतही असेच एक बारीक भरड धान्य होते. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष अशा धान्यांच्या नावे साजरे केले, हे वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचलेच असेल.

आमच्याच शाळेत मात्र मधल्या सुटीत एक मुलगा डब्याचे झाकण अर्धे लावून जेवत असे. आत काळी भाकर होती, व शेजारच्या डब्यांत पांढरा पाव. आम्ही बऱ्याच दिवसांनी हे पाहिले, याची आम्हांस लाज वाटते. एकादशीचा पाठ काढण्याचे खरे कारण तेच होते. त्याचे नाव आम्ही वर्गात घेतले नाही.

दुसऱ्या आठवड्यात तो आपण होऊन एक पुरचुंडी घेऊन आला. तीत न कांडलेली वरी होती. ती पिवळसर, गुळगुळीत, मोहरीहून लहान दाण्यांची वरी वर्गातील चाळीस मुलांपैकी तिघांनीच पूर्वी पाहिली होती. उखळात किती वेळ कांडावी लागते, तूस कसे पाखडतात, हे त्याने सांगितले, आणि घंटा झाली तरी मुले त्याच्या बाकाभोवतीच उभी होती.