टाचेची उंची

सरोजिनी नगरहून रिंग रोडला लागलं की सफदरजंग रुग्णालय फार लांब नाही. फाटकाशी सदा गर्दी, हातात एक्स-रेची मोठी पाकिटं, कुणाच्या काखेत कुबडी. १९४२ साली हे रुग्णालय उभं राहिलं ते दिल्लीकरांसाठी नव्हे, तर दुसऱ्या महायुद्धात लढणाऱ्या दोस्त फौजांसाठी. १९५४ मध्ये ते केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे आलं. आज तिथे हाडं जुळवून घ्यायला येणाऱ्या माणसाला हे ठाऊक असायचं काही कारण नाही. मला मात्र त्या फाटकावरून जाताना हटकून आठवतं, कारण लढाईत पाय गमावलेल्या माणसाला पुन्हा उभं करण्याची आपल्याकडची गोष्ट तिथूनही जाते.

तिची मुळं पुण्यात आहेत. पहिल्या महायुद्धातून अपंग होऊन परतलेल्या हिंदी सैनिकांना हाताला काम मिळावं म्हणून १९१७ मध्ये मुंबईत क्वीन मेरीज संस्था निघाली आणि १९२२ मध्ये ती खडकीला आली. वानवडीचं आर्टिफिशियल लिंब सेंटर १९४४ चं. खडकीला धंदा शिकवायचा, वानवडीला पाय बसवायचा. एका शहरात या दोन्ही गोष्टी असणं मला फार मोलाचं वाटतं. नुसता पाय देऊन माणूस घरी पाठवला तर तो खाटेवरून उठून ओट्यावर बसतो, एवढाच फरक पडतो.

पाय बसवणं म्हणजे काय, हे जवळून पाहण्यासारखं आहे. जखम भरली की उरलेल्या पायावर, म्हणजे स्टंपवर, क्रेप बँडेज रोज अनेकदा सोडून पुन्हा तिरकं गुंडाळायचं, म्हणजे सूज उतरते आणि टोक निमुळतं होतं. बरं वाटतं म्हणून गुडघ्याखाली उशी घ्यायची नाही, कारण गुडघा वाकलेलाच आखडला तर पुढे कृत्रिम पाय नीट चालत नाही. मायेने उशी सरकवणाऱ्या आईला हे समजावणं कठीण जातं. मग प्लास्टरचा साचा, साच्यावरून सॉकेट आणि समांतर दांड्यांमधली पहिली पावलं. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना कृत्रिम पाय आधी. पडायचं कसं आणि पडल्यावर उठायचं कसं, हेही शिकवावं लागतं. पहिल्या काही महिन्यांत स्टंप बारीक होत जातो आणि काल घट्ट बसलेलं सॉकेट आज ढिलं लागतं. मग एक मोजा जास्त चढवायचा. रात्री पाय काढला की आरशात स्टंपची मागची बाजू पाहायची. लाल डाग तसाच राहिला, तर उद्या चालायच्या आधी सॉकेट दाखवून आणायचं. आणि नसलेल्या पायाच्या बोटांना मुंग्या येतात, ठणका लागतो, तो तर कित्येकांना वर्षानुवर्षं सोबत करतो.

मुंबईत जन्मलेले मेजर इयान कार्डोझो १९७१ च्या युद्धात सिल्हेटकडे गुरखा पलटणीत होते. सुरुंगावर पाय पडला. औषध नाही, शस्त्रक्रियेची हत्यारं नाहीत. चिंधड्या झालेला पाय त्यांनी आपल्या खुकरीने स्वतः कापला. पुढची शस्त्रक्रिया केली ती एका पाकिस्तानी युद्धकैदी सर्जनने. खुकरीची ही हकिकत सगळ्यांना पाठ असते. मला त्यानंतरची वर्षं जास्त मोठी वाटतात. लाकडी पायाचा अधिकारी पायदळाची पलटण कशी सांभाळणार, या प्रश्नाला त्यांनी धावून, डोंगर चढून, लडाखच्या बर्फात लष्करप्रमुख जनरल रैना यांच्या नजरेसमोर चालून उत्तर दिलं. पलटण मिळाली, पुढे ब्रिगेडही.

सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले. उपचार म्हणून पोहायला लागले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्णपदक जिंकलं. पद्मश्री यायला २०१८ उजाडलं. एवढा उशीर का, हा प्रश्न मला आजही सलतो.

याच काळात, १९६८ च्या सुमारास, जयपूरमध्ये कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबराचा असा पाय घडवला की त्यावर अनवाणी चालता येतं, मांडी घालता येते, उकिडवं बसता येतं. बुटाशिवाय न चालणारे विलायती पाय आपल्या शेतात, देवघरात, संडासात अडून बसत. ही अडचण कारागिराच्या हाताला कळली. कारगिलच्या वेळी, १५ जुलै १९९९ ला, अखनूर भागात उखळी तोफेच्या गोळ्याने जखमी झालेले मेजर देवेंदर पाल सिंग यांना रुग्णालयात आधी मृत ठरवलं गेलं होतं. ते जगले, पाय गेला आणि पुढे कार्बन फायबरच्या ब्लेडवर ते अर्धमॅरेथॉन धावले. लाकूड, चामडं, रबर, कार्बन. साहित्य बदलत गेलं, पण बँडेजची तिरकी गुंडाळी तीच राहिली.

मग २००५. त्याच वर्षी कार्डोझो भारतीय पुनर्वास परिषदेचे अध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी २९ ऑक्टोबरच्या संध्याकाळी, दिवाळीच्या तोंडावर, सरोजिनी नगरच्या बाजारात बॉम्ब फुटला. दिल्लीतल्या त्या दिवशीच्या तीन स्फोटांत साठाहून जास्त माणसं गेली. जखमींना जवळच्या सफदरजंगमध्ये नेलं, जे मुळात युद्धाच्या जखमांसाठीच बांधलं होतं. रणांगणावरची जखम कपड्यांच्या दुकानांत येऊन पोचली. जवानाच्या मागे पलटण असते, लिंब सेंटर असतं, पेन्शन असते. बाजारात उभ्या असलेल्या माणसाच्या मागे घर असतं, आणि पुष्कळदा तेवढंच. सॉकेट ढिलं झालं की पुन्हा जायचं कुठे, रजा कोण देणार, पैसे कुणाचे, हे त्याला एकट्याने सोडवावं लागतं. हा फरक मला मान्य होत नाही.

तो बाजार पुन्हा भरला. कपडे, पर्स, चपला-बुटांचे ढीग. कृत्रिम पाय घातलेल्या माणसाला तिथे बूट घ्यायचा असेल तर आधी टाच पाहावी लागते. पाय ठरावीक उंचीच्या टाचेवर जुळवलेला असतो. टाच बोटभर जास्त निघाली तर गुडघा पुढे ढकलला जातो, कमी निघाली तर मागे रेटला जातो आणि संध्याकाळपर्यंत कंबर धरते. म्हणून तो जुना बूट काढून नव्याशेजारी ठेवतो, दोन्ही टाचा एका फळीवर आणून डोळा खाली नेऊन बघतो. ताठ पाऊल बुटात सहज जात नाही, तर पावलावर दुकानाचीच प्लॅस्टिकची पिशवी चढवतो, बूट ओढून घेतो आणि पिशवी हळूच बाहेर खेचतो. मग उठतो, दोन पावलं टाकतो, थांबतो आणि दुकानदाराला दुसरा जोड काढायला सांगतो.