वजन उतरल्यानंतर

स्थूलतेवरील शस्त्रक्रिया मुंबई-हैदराबादेत होते. परंतु पुढील आयुष्य रुग्णास गुडीहत्नूरसारख्या गावीच काढावयाचे असते. तेथे आपणच त्याचे वैद्य.

जठराची नळी केल्यावर त्यात जेमतेम १५० मि.ली. अन्न मावते. प्रथम सुमारे दोन आठवडे द्रवाहार, नंतर मऊ अन्न आणि महिन्याभराने, सावकाश चावून, ज्वारीची भाकरी. दररोज किमान ६० ग्रॅम प्रथिने हवीत. म्हणून वरण, दही, अंडी आधी, भाकरी मागाहून, असे मी सांगतो. जेवताना पाणी नको. लोह, कॅल्शियम, ‘ड’ व ‘ब-१२’ आजन्म घ्यावीत.

सैल त्वचा व्यायामाने आवळत नाही. तिचे लवचीक तंतूच निकामी झालेले असतात. घड्या कोरड्या ठेवाव्यात. वर्ष-दीड वर्षाने वजन स्थिरावल्यावरच ती काढण्याचा विचार करावा. रुग्ण संकोचाने घड्यांतील जखमा लपवितात. आपणच विचारले पाहिजे.

व्यवसायबंधूंना माझी एकच कळकळीची विनंती : अशा रुग्णास वारंवार उलट्या होत असतील, तर ग्लुकोजची बाटली लावण्यापूर्वी ‘ब-१’ जीवनसत्त्व शिरेतून द्यावे व मगच त्यास शल्यचिकित्सकाकडे धाडावे. त्या एका इंजेक्शनाअभावी मेंदूस कायमची इजा होऊ शकते.