आधी डायनमो बघा, मग बॅटरी घ्या

नामपूरच्या बाजारपेठेत ट्रॅक्टरची बॅटरी मिळते, इन्व्हर्टरची मिळते, डाळिंबावर फवारणी करायच्या पंपाची मिळते, वजनकाट्याचीही मिळते. अडते ते आजोबांची जावा, येझदी किंवा सहा व्होल्टची जुनी बुलेट पुन्हा रस्त्यावर आणायचे ठरते तेव्हा. दुकानात विचारतात, किती व्होल्टची आणि खोक्याचे माप काय? त्या मापात बसणारी बॅटरी हातात पडते, गाडीला लागते आणि दोन-चार महिन्यांत फुगते किंवा बसते. मग खापर फुटते कंपनीवर. खरे तर अशा वेळी चूक बहुधा निवडीत असते. जुन्या गाडीच्या बॅटरीला रोज चार्ज कोण करणार आहे, हे कुणी पाहिलेलेच नसते.

रुस्तम आणि फारोख इराणी यांनी म्हैसूरला उभारलेल्या आयडियल जावाच्या कारखान्यात १९६१ पासून जावा तयार होऊ लागल्या. मूळ आराखडा चेकोस्लोव्हाकियाचा. पुढे त्याच गाड्या येझदी नावाने निघाल्या आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. या गाड्या किक मारून सुरू होतात, त्यामुळे बॅटरीला स्टार्टर मोटर फिरवायची नसते. मात्र प्लगमध्ये ठिणगी पाडणाऱ्या कॉइलला करंट बॅटरीतूनच जातो. बॅटरी पूर्ण उतरली की दिवसभर किक मारली तरी इंजिन उठत नाही. म्हणून इथे फार ताकदवान बॅटरी नको, पण कायम तयार असलेली हवी.

आता हिशेब मांडून पाहू. जावाच्या जुन्या २५० सीसी गाडीचा डायनमो ६ व्होल्ट, ४५ वॉटचा, म्हणजे जास्तीत जास्त साडेसात अँपिअर देणारा. रात्री २५ वॉटचा हेडलाइट चार अँपिअरच्या आसपास घेतो, मागचा ५ वॉटचा दिवा पाऊण अँपिअरच्या वर, आणि पॉइंट उघड-मिट करत असताना कॉइल सरासरी दोनेक अँपिअर ओढते. बेरीज झाली सातच्या घरात. बॅटरी भरायला उरला अर्धा अँपिअर, तोही इंजिन चांगल्या वेगात असेल तर. कांद्याच्या गर्दीत ट्रॅक्टरांच्या मागे पहिल्या गिअरमध्ये रांगताना डायनमोचे व्होल्टेज बॅटरीपेक्षा खाली जाते. कटआउट तेव्हा दोघांची जोडणी तोडतो, नाहीतर बॅटरीच उलट डायनमोला मोटरसारखी फिरवू पाहील. तेवढा वेळ सगळा भार एकट्या बॅटरीवर असतो. दुप्पट अँपिअर-तासांची बॅटरी घातल्याने या हिशेबात एका वॉटचीही भर पडत नाही. मागच्या दिव्याला एलईडी लावला तर मात्र अर्ध्या अँपिअरहून जास्त वाचतो, आणि इथे अर्धा अँपिअर म्हणजे पुष्कळ झाला.

दिवसा प्रश्न उलटा होतो. हेडलाइट बंद, रस्ता मोकळा, आणि डायनमोचा जवळजवळ सगळा करंट बॅटरीकडे. त्याला आवर घालायचे काम रेग्युलेटरचे. जुन्या गाडीत तो यांत्रिक असतो: एक गुंडाळी, एक स्प्रिंग, पॉइंटची एक जोडी. व्होल्टेज वाढले की गुंडाळी पट्टी ओढते आणि डायनमोच्या फील्डचा करंट कमी होतो. चाळीस-पन्नास वर्षांत त्या स्प्रिंगचा ताण बदललेला असतो, पॉइंट जळून खडबडीत झालेले असतात. शिवाय ही रचना ज्या काळी ठरली तेव्हा बाजारात एकच बॅटरी होती, बुचे उघडून पाणी घालायची.

गॅस्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये बनवलेल्या शिसे-आम्ल बॅटरीचे रसायन आजही तेच आहे. एका बाजूला शिसे, दुसऱ्या बाजूला शिशाचा डायऑक्साइड, मध्ये सौम्य सल्फ्युरिक आम्ल. एका सेलचे सुमारे २.१ व्होल्ट, तीन सेल मिळून ६.३. बॅटरी वापरली की दोन्ही प्लेटांवर शिशाचे सल्फेट जमते आणि आम्ल पातळ होते. चार्ज केली की सारे उलट घडते. पण भरून झाल्यावरही करंट चालूच राहिला तर तो पाणी फोडायला लागतो आणि हायड्रोजन व ऑक्सिजन बाहेर पडतात. पाणी घालायच्या बॅटरीत अशाने पातळी उतरते. ती पारदर्शक डब्यातून दिसते आणि डिस्टिल्ड वॉटर घालून भरून काढता येते. बोअरचे पाणी चालत नाही, कारण त्यातल्या लोह आणि क्लोराइडसारख्या अशुद्धींमुळे बॅटरी बसल्या जागी उतरते.

सीलबंद बॅटरीचे गणित वेगळे. एजीएम प्रकारात आम्ल काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेले असते. थोडा ऑक्सिजन तयार झाला तरी तो ऋण प्लेटवर पुन्हा पाण्यात सामावतो. ती सांडत नाही, आडवी झाली तरी चालते, प्लेटा घट्ट आवळलेल्या असल्याने खड्ड्यांचे हादरेही बरे सोसते. पण करंटचा मारा मर्यादेबाहेर गेला की व्हॉल्व्ह उघडतो, वायू निघून जातो, आणि गेलेले पाणी परत घालायला बूचच नसते. वजनकाट्याची ६ व्होल्ट, साडेचार अँपिअर-तासांची बॅटरी स्वस्त पडते आणि खोक्यात बसते, म्हणून ती जुन्या गाडीत घालायचा मोह होतो. अशा बॅटरीवर सव्वा-दीड अँपिअरपेक्षा जास्त करंटने चार्ज करू नका असे सहसा छापलेले असते. दिवसा मोकळ्या रस्त्यावर उतरलेल्या बॅटरीत हा डायनमो त्याच्या दुपटी-तिपटीने करंट लोटू शकतो. ती फुगते यात नवल काय?

लिथियमचा मोह त्याहून मोठा, कारण ती वजनाला अगदी हलकी. लिथियम आयर्न फॉस्फेटचा सेल ३.२ व्होल्टचा, दोन मिळून ६.४, म्हणजे कागदावर अगदी चपखल. पण प्रत्येक सेलची वरची मर्यादा ३.६५ व्होल्ट, दोन्हींची ७.३. बिघडलेला रेग्युलेटर ७.८ वर गेला की बॅटरीतले संरक्षक सर्किट, विहिरीवरची मोटर ट्रिप व्हावी तसे, तिला बाजूला काढते. बॅटरी वाचते. पण आतापर्यंत डायनमोचे व्होल्टेज दाबून धरणारी तीच होती. ती निघाली की व्होल्टेज उसळते आणि दिवे एकामागून एक उडतात. चांगला इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवलेला असेल तरच सीलबंद किंवा लिथियमचा विचार करावा. यांत्रिक रेग्युलेटर तसाच ठेवायचा असेल तर पाणी घालायची साधी बॅटरीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या भागातला उन्हाळाही यात धरायला हवा. मालेगाव-बागलाण पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो. तापमान दहा अंशांनी वाढले की बॅटरीतल्या नको त्या अभिक्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. म्हणून थंड देशांत पूर्ण भरलेल्या बॅटरीच्या आम्लाची सापेक्ष घनता १.२८ ठेवतात, तर उष्ण प्रदेशात १.२४ च्या आसपास. हवामान पाहून ठरवलेल्या घनतेत जास्त आम्ल ओतून 'जोर' वाढवायला गेले तर प्लेटा लवकर खंगतात.

खरेदीआधी दहा मिनिटे मल्टिमीटर लावावा. भरलेली बॅटरी जोडून, दिवे बंद ठेवून, इंजिन मध्यम वेगात असताना ७ ते ७.४ व्होल्ट दिसले तर ठीक. ७.५ च्या वर चढत राहिले तर आधी रेग्युलेटर दुरुस्त करायचा. ६.४ वरून हललेच नाही तर डायनमोचे ब्रश आणि कटआउट बघायचे. बॉडीला कोणते टोक जोडले आहे हेही पाहावे. ब्रिटिश पद्धतीच्या जुन्या गाड्यांत धन टोक बॉडीला असायचे, आणि सवयीने ऋण टोक जोडले तर एलईडी किंवा नवा रेग्युलेटर क्षणात जातो. अर्थिंगचा नटही घासून घ्यावा. तिथल्या गंजाने ०.१५ ओहमचा अडथळा केला तरी चार अँपिअरवर ०.६ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. बल्बचे व्होल्टेज दहा टक्के घटले की उजेड सुमारे तीस टक्क्यांनी कमी होतो. नवी बॅटरी घालूनही हेडलाइट पिवळाच दिसतो त्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

बॅटरी शक्यतो कोरडी घ्यावी, तयार झाल्याचा महिना बघून. आम्ल भरून अर्धा तास थांबावे, पातळी खाली गेली तर रेघेपर्यंत आणावी, मग क्षमतेच्या एक दशांश करंटने चार्ज करावी. ६ अँपिअर-तासांच्या बॅटरीला ०.६ अँपिअर. ट्रॅक्टरच्या बॅटऱ्यांच्या रांगेत ती दहा अँपिअरवर लावली तर पहिल्याच दिवशी उकळते. व्हेंटच्या नळीचे टोक बंद असेल तर ते कापावे, नाहीतर वायू कोंडून डबा फुटू शकतो. नळी साखळी आणि फ्रेमपासून दूर, खाली सोडावी.

जुनी बॅटरी भंगारात देऊ नये. तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिशाचा असतो, आणि उघड्यावर ते वितळवले की त्याची धूळ आसपासच्या मुलांच्या रक्तात जाते, मेंदूच्या वाढीवर परिणाम करते. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापरासाठी पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. विक्रेत्याकडे जुनी जमा केली की नव्या बॅटरीच्या किमतीतून तिचे पैसे सहसा वजाही होतात.