गाडी मोठी, गाऱ्हाणं मुकं

दारात काय उभं आहे, यावरून आपल्याकडे घराची किंमत होते. पूर्वी दावणीची बैलजोडी बघून सोयरीक व्हायची. मग ट्रॅक्टर आला, जीप आली. आता लग्नाच्या मांडवासमोर परदेशी कंपनीची चकचकीत गाडी येऊन थांबली की अक्षता हातात घेतलेल्या बायासुद्धा माना वळवून विचारतात, "कुणाची गं ती?"

मराठवाड्यातल्या या हौसेची एक तारीख बऱ्याच जणींना आठवत असेल. १५ ऑक्टोबर २०१०. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या उद्योजक, डॉक्टर, व्यावसायिक मंडळींनी एकत्र येऊन एकाच दिवशी १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या. सुमारे ६५ कोटी रुपयांचा सौदा. स्टेट बँकेने कर्ज दिलं. देशभर बातमी झाली. 'मागास मराठवाडा' ऐकून कान किटलेल्या आपल्या माणसांची छाती तेव्हा फुगली, त्यात नवल नाही.

पुढे ती हौस जिल्ह्याला आली, तालुक्याला आली आणि आमच्या नांदूरघाटसारख्या गावांपर्यंतही पोचली. फरक एवढाच, की तिकडे गाडी शोरूममधून कोरी निघायची आणि इकडे चार-पाच वर्षं कुणीतरी वापरून सोडलेली येते. नवी असताना पन्नास-साठ लाखांची असलेली गाडी काही वर्षांनी निम्म्याहून कमी पैशांत मिळते. मोह होणारच. पण गाडीची किंमत उतरते, तिच्या दुरुस्तीची उतरत नाही. ती शेवटपर्यंत साठ लाखांच्या गाडीचीच राहते. विकणारा हे सांगत नाही आणि घेणाऱ्याला तेव्हा ऐकायचं नसतं.

वहिनींची गोष्ट

बचत गटाच्या कामामुळे माझं भागातल्या घराघरांत जाणं-येणं असतं. त्यातलंच एक घर. नाव नको, आपण त्यांना वहिनी म्हणू. मालक छोटी-मोठी कंत्राटं घेणारे. "चार मोठ्या लोकांत बसायचं तर गाडी तशीच पाहिजे," म्हणून शहरातल्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडून त्यांनी मोठ्या कंपनीची डिझेल गाडी घेतली. व्यापाऱ्याने इंजिन आणि गिअरबॉक्सची एक वर्षाची हमी लिहून दिली. काही रक्कम कर्जाची, काही रोख. रोख कमी पडली तेव्हा वहिनींचं गंठण आणि चार पाटल्या सोनेतारणात गेल्या. "दिवाळीपर्यंत सोडवून आणतो," असं म्हणाले होते.

गाडी आली, पूजा झाली, पेढे वाटले. दुसऱ्या महिन्यात समोरच्या पडद्यावर पिवळा दिवा लागला. मग गाडी एका बाजूला बसायला लागली, जणू एखाद्या म्हशीने पाय दुमडावा. मग एकदा मांजरसुंब्याच्या घाटात गिअर पडेना. मागे गाड्यांची रांग, आत सासूबाई आणि दवाखान्यात दाखवायला निघालेलं लेकरू. जवळपासच्या मेकॅनिकने बोनेट उघडलं आणि हात जोडले. "वहिनी, हिला पाना नाही, कम्प्युटर लागतो." शेवटी सपाट फळीची गाडी मागवून तिला शहरात न्यावं लागलं.

दुरुस्ती झाली, बिल भरलं, पंधरा दिवसांत तोच दिवा पुन्हा लागला. असं तीनदा झालं. चौथ्यांदा गाडी गेली ती दोन महिने आलीच नाही. बँकेचा हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला येत राहिला. हप्त्याला कुठं माहीत, गाडी दारात आहे की गॅरेजात!

आणि या सगळ्यात घरात एकच सूचना होती. कुणी विचारलं तर म्हणायचं, "गाडी पुण्याला गेलीय, कामानं." वहिनी मला म्हणाल्या, "ताई, माणूस आजारी पडलं तर आपण चार घरी सांगतो. गाडी आजारी पडली तर तोंड शिवून बसायचं, हे कसलं हो?"

मला त्यांचं हे वाक्य त्या बिलांपेक्षा जड वाटलं. साधी दुचाकी बिघडली तर माणूस दुकानदाराशी चौकात भांडतो. मोठी गाडी बिघडली की गप्प बसतो, कारण गाडीबरोबर अब्रूही रस्त्यात उभी राहते. लोक हसतील, 'झेपत नव्हती तर घेतली कशाला' म्हणतील, ही भीती. या गप्प बसण्याचा फायदा कुणाला होतो? विकणाऱ्याला, आणि तेच ते बिल पुन्हा पुन्हा फाडणाऱ्या गॅरेजला.

बिघडते कशानं?

या गाड्या वाईट असतात, असं मला म्हणायचं नाही. पण त्या ज्या रस्त्यांसाठी आणि ज्या सोयींसाठी बनल्या, त्या आपल्याकडे नसतात. काही मॉडेल्स स्प्रिंगऐवजी हवा भरलेल्या रबरी पिशव्यांवर तोललेली असतात. खड्डे, खडी, ऊन यांनी पिशवीला चीर गेली की गाडी बसते. पोट जमिनीलगत असल्याने गावातला उंच गतिरोधक सरळ तेलाच्या टाकीला घासतो.

आताच्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी एक जाळी असते. गाडी काही वेळ सलग वेगात पळाली, की ती काजळी आतल्या आत जळून जाते. रोज घर ते बाजार, बाजार ते शेत एवढंच फिरणाऱ्या गाडीत ती साचत जाते. धुराडं न झाडलेल्या चुलीसारखी गत. मग दिवा लागतो, इंजिनचा जोर कमी होतो, मालक घाबरतो. ही गोष्ट विकताना दोन मिनिटांत सांगता येते. आणि गावाकडचा आणखी एक शत्रू म्हणजे उंदीर. एक वायर कुरतडली की अर्धी गाडी मुकी होते.

विम्याचंही समजून घ्यायला हवं. नेहमीचा विमा अपघात, चोरी, आग यांसाठी असतो. आपोआप झालेला यांत्रिक बिघाड त्यात बसत नाही. पाण्यात गाडी सुरू करून इंजिन गेलं, तर इंजिनचं वेगळं संरक्षण घेतलेलं नसताना दावा बहुधा नाकारला जातो.

गाढव आणि न्यायालय

आपल्याच जिल्ह्यात एका माणसाने मात्र लाज बाजूला ठेवली होती. एप्रिल २०२२ मध्ये परळीत एका तरुणाने आपली नवी विजेवरची स्कूटर गाढवाला बांधून गावातून फिरवली. घेतल्यावर काही दिवसांतच ती बंद पडली होती आणि तक्रार करूनही दाद मिळत नव्हती. लोक हसले, फोटो देशभर गेले. पण हसणारे त्याला हसले नाहीत, गाडीला हसले. हा फरक लक्षात घेण्यासारखा आहे.

अर्थात दर वेळी गाढव शोधायची गरज नाही, कायदाही आहे. जुलै २०२४ मध्ये एकाच आठवड्यात सर्वोच्च न्यायालयाने महागड्या गाड्यांच्या तक्रारींवर निकाल दिले. एक प्रकरण क्रॉम्प्टन ग्रीव्हज या मुंबईच्या कंपनीचं. व्यवस्थापकीय संचालकांसाठी घेतलेल्या मर्सिडीजला २००६ मध्ये अपघात झाला आणि समोरच्या एअरबॅग उघडल्याच नाहीत. दुसऱ्या प्रकरणात मर्सिडीजच्याच एका गाडीत दोन सीटांमधला भाग असह्य तापायचा. न्यायालयाने ग्राहकांच्या बाजूने कौल दिला. लोक महागडी गाडी त्रास सोसायला घेत नाहीत, अशा अर्थाचं न्यायालयाने म्हटलं. कंपनीच्या नावावर गाडी घेतली म्हणजे ती 'धंद्यासाठी'च घेतली असं होत नाही, तसं असेल तर ते विकणाऱ्याने सिद्ध करावं, हेही स्पष्ट झालं. ज्यांच्या घरची गाडी फर्मच्या नावावर आहे, त्यांनी हे गाठीला बांधून ठेवावं.

तिसरं प्रकरण हैदराबादचं. सप्टेंबर २००९ मध्ये घेतलेली बीएमडब्ल्यू चारच दिवसांत बिघडली. नोव्हेंबरात पुन्हा तेच. भांडण पोलिसांपर्यंत, तिथून उच्च न्यायालयात आणि दिल्लीला गेलं. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला ५० लाख रुपये देऊन प्रकरण मिटवायला सांगितलं. पंधरा वर्षं! न्याय मिळाला खरा, पण त्या काळात घरातलं लेकरू पहिलीतून कॉलेजात जातं. म्हणून सुरुवातीपासूनच कागद नीट लागतो.

फाईल कुणी करायची?

तुम्ही-आम्हीच. घरातली रेशनची, शाळेची, दवाखान्याची कागदं सांभाळते कोण? मग गाडीचीही आपणच सांभाळावीत. घेतानाच्या जाहिरातीपासून हमीपत्रापर्यंत सगळं. गाडी दुरुस्तीला गेली की 'जॉबकार्ड' मागायचं आणि आपली तक्रार त्यात आपल्या शब्दांत लिहून घ्यायची. 'जनरल चेकअप' असं लिहू द्यायचं नाही. कुठल्या तारखेला, किती किलोमीटरवर, कोणता दिवा लागला, हे वहीत टिपायचं, मोबाईलवर फोटो काढायचा. तोच बिघाड तीनदा झाला, हे तोंडाने सांगून कुणी मानत नाही. तीन जॉबकार्डं समोर ठेवली की मानावं लागतं.

हप्ता मात्र थांबवू नका. विकणाऱ्याशी भांडण वेगळं आणि बँकेचं कर्ज वेगळं. हप्ता चुकला की आपलीच बाजू लंगडी पडते.

ग्राहक चळवळ ही आपल्या मातीतली आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं. त्यानंतर बारा वर्षांनी, १९८६ मध्ये देशाला ग्राहक कायदा मिळाला. नवा कायदा २०१९ चा, जुलै २०२० पासून लागू झालेला. त्यात आपल्या सोयीची मोठी गोष्ट अशी, की तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. गाडी पुण्यात घेतली तरी तक्रार बीडला. मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे जायचं. पाच लाखांपर्यंत फी नाही, वीस ते पन्नास लाखांना हजार रुपये. वकील लावलाच पाहिजे असं नाही. मुदत मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची. आधी सल्ला हवा असेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

आणखी एक. कायद्याने ग्राहक म्हणजे फक्त पैसे देणारा नव्हे. त्याच्या संमतीने ती वस्तू वापरणाराही ग्राहकच. म्हणजे गाडी नवऱ्याच्या नावावर असली, तरी 'तुमचा काय संबंध' असं कुणी तुम्हाला म्हणू शकत नाही. जुनी गाडी एखाद्या ओळखीच्या माणसाकडून घेतली, तर हे संरक्षण मिळणं अवघड. व्यापाऱ्याकडून पावती आणि हमी घेऊन घेतली असेल, तर तो बांधील आहे.

वहिनींनी तेच केलं. सासऱ्यांनी आधी नाक मुरडलं, "बाईमाणसानं गाडीच्या भानगडीत पडावं का?" वहिनी म्हणाल्या, "मामा, पाटल्या माझ्या गेल्यात." त्यावर घरात कुणी बोललं नाही. त्यांनी चार जॉबकार्डं, बिलं आणि हमीपत्र एका फाईलला लावलं आणि व्यापाऱ्याला रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवलं. तोवर फोन न उचलणारा माणूस आठ दिवसांत स्वतःहून फोन करू लागला. "अर्धा खर्च आम्ही देतो, मिटवून टाका," म्हणाला. गिअरबॉक्सची हमी पूर्ण लिहून दिली असताना अर्धा का घ्यायचा? वहिनींनी नकार दिला. तक्रार आता बीडच्या आयोगापुढे आहे, तारखा चालू आहेत. पाटल्या अजून सुटलेल्या नाहीत. पण 'गाडी पुण्याला गेलीय' हे खोटं त्या घरातून सुटलं, आणि नवराही आता तारखेला बरोबर येतो.

मैत्रिणींनो, हौसेला कुणाची ना नाही. आयुष्यभर बैलगाडीत, एसटीत धक्के खाल्लेल्या माणसाला मऊ गाडीत बसावंसं वाटलं, तर त्यात गैर काय? पण घेण्याआधी तीन प्रश्न आपण विचारायचे. हिला दुरुस्त करणारा सर्वांत जवळ कुठे आहे? वर्षाच्या सर्व्हिसिंगला आणि चार टायरांना किती लागतात? आणि हमी लिहून मिळणार का? उत्तरं मिळेपर्यंत कपाटाची किल्ली आपल्याच कमरेला राहू द्यावी.

घेतलीच आणि बिघडली, तर सांगा. शेजारणीला सांगा, दुकानदाराला लिहून सांगा, आयोगाला सांगा. गाडी बंद पडली यात आपली अब्रू जात नाही. पैसे घेऊन सदोष माल गळ्यात मारणाऱ्याची जायला हवी.