विश्लेषण : गाणे घरीच रेकॉर्ड करायचे आहे, सॉफ्टवेअर कसे निवडाल?

लॅपटॉप, माइक आणि हेडफोनची जुळवाजुळव झाली, की प्रश्न येतो सॉफ्टवेअरचा. मोफत घ्यावे की विकत? पण किमतीआधी काम ठरवायला हवे.

कामानुसार निवड कशी करावी?
पेटी-तबल्यासह गायलेले गाणे रेकॉर्ड करून काटछाट करायची, एवढेच काम असेल तर मोफत ‘ऑडॅसिटी’ पुरते. मिडी कीबोर्डवरून निरनिराळी वाद्ये भरायची असतील, तर ‘डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन’ लागते. मॅक आणि आयफोनवर ‘गॅरेजबँड’ मोफत आहे. अँड्रॉइडवर ‘बँडलॅब’ने सुरुवात करता येते.

चाचणी आवृत्तीत काय तपासावे?
‘रीपर’ ६० दिवस सर्व सुविधांसह वापरून पाहता येते. वैयक्तिक वापराचा परवाना ६० डॉलरचा आहे. ‘एफएल स्टुडिओ’च्या चाचणी आवृत्तीला मुदत नाही, पण जतन केलेले काम पुन्हा उघडायचे तर परवाना विकत घ्यावा लागतो. महिनाभराची मेहनत अडकू नये म्हणून ही अट आधीच वाचावी.

स्वतःचा आवाज उशिरा का ऐकू येतो?
संगणक आवाजाचे नमुने गोळा करून एकगठ्ठा पुढे पाठवतो. या गठ्ठ्याला ‘बफर’ म्हणतात. सेकंदाला ४८ हजार नमुने घेताना १,०२४ चा बफर ठेवल्यास एका दिशेनेच सुमारे २१ मिलिसेकंद जातात. २५६ ठेवल्यास सुमारे पाच. त्यामुळे गाताना बफर कमी ठेवावा आणि मिक्सिंगला वाढवावा. ब्लूटूथ हेडफोनमुळे उशीर आणखी वाढतो, म्हणून तारेचेच वापरावेत.

सॉफ्टवेअरच बंद पडले तर?
हे घडले आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘गिब्सन’ने ‘केकवॉक’ सॉफ्टवेअरचा विकास थांबवला. पुढच्या वर्षी ‘बँडलॅब’ने ते घेतले, म्हणून वापरकर्ते सावरले. दरवेळी असा वाली मिळेलच असे नाही. सॉफ्टवेअरची प्रोजेक्ट फाइल सहसा त्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडते. ‘वेव्ह’ फाइल मात्र कुठेही चालते. म्हणून गाणे पूर्ण होताच प्रत्येक वाद्याचा आणि आवाजाचा ट्रॅक सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतंत्र ‘वेव्ह’ फाइलमध्ये काढून ठेवावा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटच्या एका मोनो ट्रॅकला मिनिटाला साधारण साडेआठ एमबी जागा लागते. म्हणजे पाच मिनिटांचे दहा ट्रॅकही अर्ध्या जीबीत मावतात. एवढे केले, की उद्या सॉफ्टवेअर बदलले तरी गाणे हातचे जात नाही.