सदाफुलीची शिफा आणि सहरीची सावधगिरी

ऊन कितीही तापो, पाणी कितीही कमी पडो, सदाफुली फुलतेच. म्हणून मराठीत ती सदाफुली आणि उर्दूत सदाबहार. मूळची मादागास्कर बेटावरची ही वनस्पती आज गावोगावच्या अंगणांत आणि कुंड्यांत रुळली आहे.

घरगुती उपचारांत तिला जुना मान आहे. गांधीलमाशी चावली की पानांचा रस लावतात. मधुमेह असणारे अनेकजण सकाळी उपाशीपोटी तिची पाने-फुले चावून खातात. दूर जमैकातही साखरेवर तिच्या पानांचा चहा पीत. १९५२ मध्ये तिथली काही पाने कॅनडातील डॉ. रॉबर्ट नोबल यांच्या प्रयोगशाळेत पोहोचली. पानांचा अर्क पाजून प्राण्यांची साखर उतरली नाही. अर्क टोचला तेव्हा मात्र रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्या आणि उंदीर जंतुसंसर्गाने दगावले.

रक्ताच्या कर्करोगात याच पेशी बेसुमार वाढतात. मग हा अर्क तिथे का वापरू नये? या विचारातून १९५८ मध्ये नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी विनब्लास्टिन हे द्रव्य वेगळे केले. पाठोपाठ याच झाडातून विनक्रिस्टिन मिळाले. ल्युकेमिया झालेल्या मुलांना आजही ते दिले जाते.

ही शिफा खरी, पण ती मोजून दिली जाते. दवाखान्यात शिरेतून, रक्त तपासत तपासत. सहरीला पाने चावताना माप कुठले? शेळीही या झाडाला सहसा तोंड लावत नाही. गर्भवतींनी तर ते पोटात घेऊच नये.

मधुमेही रोजेदारांनी विशेष जपावे. डॉक्टरांची गोळी सोडून पानांवर विसंबणे धोक्याचे, आणि गोळीबरोबर पाने खाणेही धोक्याचे. साखर अचानक उतरू शकते. हातपाय थरथरले, दरदरून घाम आला तर लगेच साखर तपासावी. बोटाला सुई टोचल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमा सांगतात. साखर ७० च्या खाली गेली तर इफ्तारची वाट न पाहता रोजा सोडावा, असा डॉक्टरांचा सल्ला असतो. आजाऱ्याने राहिलेले रोजे नंतर पूर्ण करावेत, ही सवलत कुरआनच्या सूरह बकरामध्येच आहे. ती घेण्यात कमीपणा नाही.

सदाफुली अंगणात जरूर लावावी. औषध मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.